तुझंच बरोबर

नीरजाला कॅन्सर पसरल्याचं सांगायचं नाही, असं तिच्या घरच्यांनी ठरवलं होतं. आपल्याकडे याला माया म्हणतात. दारातच तिच्या आईने मला हात जोडले, "राजस, नेहमीसारखाच भांड हं तिच्याशी." भांडण एकच, नऊ वर्षं चाललेलं. टीव्हीवरच्या त्या जादूच्या मालिकेत शेवटी राणी मरणार की राज्य करणार? त्यापायी बुधवार पेठेतल्या चहावाल्यानेही आम्हाला हाकललं होतं. मी टेकायच्या आत नीरजा सुरू झाली, "मार्चमध्ये शेवटचा भाग आहे. राणी मेलीच पाहिजे. बोल की, शहाण्या!" मार्चपर्यंत नीरजाच राहणार नव्हती. मला राणी जिवंत हवी होती, पण भांडायला तोंडच उघडेना. भेकडासारखा म्हणालो, "तुझंच बरोबर आहे." तिचं हसू गेलं. "नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकलंस माझं," ती म्हणाली. "आता किती दिवस उरलेत तेही सांगून टाक."