कंपनीचा की बाहेरचा

"मोबाइलवरून गाडी बंदबी करता येते?" अंकुरनं दुसऱ्यांदा विचारलं.

"हाव," सुगत मिस्त्री म्हणाला. "गाडी धामणगावात असो, तुमी इथं घरी बसून बंद करू शकता. कुठं उभी आहे, किती स्पीडनं चालली, समदं दिसते."

बडनेरा रोडवरच्या त्या गॅरेजात अंकुरच्या बायकोचा, आरतीचा, पाय एका जागी ठरत नव्हता. ती दारापर्यंत जायची, परत टेबलापाशी यायची. गाडी तिची होती. परवा चांदूर रेल्वेच्या अलीकडं भर रस्त्यात बंद पडली, ती पडलीच. इंजिनचा कॉम्प्युटर पाणी शिरून सडला होता. सुगतनं तो उघडून टेबलावर ठेवला होता. आतल्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. आता नवा टाकायचा. कंपनीचा की बाहेरचा, एवढंच ठरायचं होतं.

कंपनीचा मागवावा लागणार होता, तीन आठवडे लागणार होते. बाहेरचा समोर डब्यात तयार होता. संध्याकाळपर्यंत गाडी हातात. पिकअप हवा तेवढा वाढवता येणार होता. आणि वर ते मोबाइलचं, जे कंपनीच्यात नव्हतं.

"तुमी काय बसवाल?" आरतीनं सुगतला विचारलं.

"रोज नोकरीवर जायाची गाडी असन तर कंपनीचाच, ताई. बाहेरचा रेसवाल्या पोरायसाठी. त्याची सेटिंग घडीघडी पाहा लागते. कंपनीचा एकदा बसला की विसरून जा."

"मंग कंपनीचाच मागवा."

"अन तीन आठवडे काय करशीन?" अंकुर म्हणाला.

"रेल्वेनं जाईन. आधी जातच होती ना."

धामणगावच्या बँकेत लागून तिला सहा वर्षं झाली होती. गाडी घेतली दोन वर्षांपूर्वी. गाडीमुळं वेळ वाचतो, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. परतताना चांदूर सोडलं की एका वळणावर ती गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची, काच खाली करायची आणि दहा मिनिटं नुसती बसायची. समोर कपाशीचं शेत. ना चहा, ना फोन. मग घरी जायची. एकदा अंकुरनं हिशेब लावला, की चांदूर सोडल्याचा फोन केला तेव्हापासून घरी यायला एवढा वेळ कसा लागतो. फाटक लागलं होतं, असं ती म्हणाली. लग्नानंतरचं तिचं ते पहिलं खोटं होतं, आणि ते कशासाठी, तर ज्यात काहीच घडत नव्हतं अशा दहा मिनिटांसाठी.

"तुह्याच काळजीनं म्हणून राहिलो," अंकुर म्हणाला. "एकटी येतं तू त्या रस्त्यानं."

आरती पुन्हा दारापर्यंत गेली.

"अशी काहून चूप झाली? लपवासारखं काय आहे तुह्याजवळ?" तो हसला, आणि हसता हसता त्यानं सुगतकडं पाहिलं.

सुगतनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि मान खाली घातली. आता कंपनीचा मागितला, तर काहीतरी कबूल केल्यासारखं होणार होतं.

"बसवा बाहेरचा," ती म्हणाली.

सुगतनं तिच्याकडं एकदा पाहिलं, डबा उघडला आणि स्वतःचा मोबाइल काढला. "ॲप एकाच मोबाइलमधी चालते. नंबर सांगा."

अंकुर नंबर सांगू लागला. त्याचे तीन आकडे होतात न होतात तोच आरतीनं स्वतःचा नंबर सांगितला. मोठ्यानं, दहाच्या दहा आकडे. दोघंही तिच्याकडं बघायला लागले.

"गाडी माह्या नावावर आहे," ती म्हणाली. "अन दर रविवारी तुमी ती घेऊन अकोल्याले जाता. तुमाले यायले उशीर होते. मलेबी काळजी वाटते."

ती भांडायला बोलली नव्हती. त्याचंच त्याला परत दिलं होतं. तो हसेल किंवा चारचौघांत बोलली म्हणून चिडेल, असं तिला वाटलं होतं. अंकुर हसला नाही. चिडलाही नाही. त्या डब्याकडं त्यानं पाहिलं. मग त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"राहू द्या, सुगतभाऊ," तो म्हणाला. "कंपनीचाच मागवा. तीन आठवड्यानं काय बिघडते?"

बाहेर एक ट्रक शिट्टी वाजवत मागं येत होता. अकोल्यात आपल्या दुकानाचं काम असतं, असं अंकुर सांगायचा आणि कसलं काम ते आरतीनं कधी विचारलं नव्हतं. आताही तिनं विचारलं नाही. जे मागायला ती आली होती, ते तिला मिळालं होतं.

सुगतनं डबा बंद करून फळीवर ठेवला. अवघडून गेला होता बिचारा. काहीतरी बोलायचं म्हणून कामाचंच बोलला.

"कंपनीच्या कॉम्प्युटरले चाव्या नव्यानं ओळखवून द्या लागते. ज्या चावीची ओळख दिली, तिनंच गाडी चालू होते. बाकीच्या चाव्या मंग काई कामाच्या नाई. तुमच्याकडं दोन असतीन ना, एकेक दोघायजवळ? दोन्ही करून देऊ?"

"हाव, दोन्ही," अंकुर म्हणाला.

"नाई," आरती म्हणाली. "एकच. माही."