एक शतांश

"एक तृतीयांश चालणार नाही," नोंदणी कार्यालयातला कारकून म्हणाला. "टक्के सांगा. आमचा कॉम्प्युटर अपूर्णांक घेत नाही."

मास्तरांना हा थेट स्वतःचा अपमान वाटला. जन्मभर पोरांना गणित शिकवलेला माणूस! एक घर, तीन मुली, तीन सारखे हिस्से. एवढं सोपं उदाहरण ज्याला घेता येत नाही, तो कसला कॉम्प्युटर?

"बरं, लिहा. तेहतीस पूर्णांक तीन, तीन, तीन, तीन... हे संपायचं नाही, आधीच सांगतो."

"पॉइंटच्या पुढे दोनच आकडे," कारकुनाने त्यांना मध्येच तोडलं. "आता बघा. तिघींची बेरीज नव्व्याण्णव पॉइंट नव्व्याण्णव. शंभर भरल्याशिवाय हे पुढे सरकत नाही. उरलेला एक शतांश टक्का कोणाच्या तरी पदरात टाका."

तिघी मुली मागेच उभ्या होत्या. सकाळी बाबांच्या पायात मोजे चढवताना मधलीने विचारून पाहिलं होतं, "बाबा, मी इथेच राहिले. मला थोडं जास्त?" त्यावर "गणितात लाड नसतात," म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. आई गेल्यापासून त्यांचं दुखलंखुपलं तीच बघत होती. जास्त जागा घेऊन तिला काय करायचं होतं? बाबांनी तेवढं ओळखावं, बस.

थोरली हसली. "हिलाच द्या हो तो शतांश. एवढी सेवा केलीय बिचारीने!"

धाकटीलाही हसू आवरेना. मास्तरांनी मान डोलावली आणि काम झालं. दोघी बहिणी तिथूनच आपापल्या घरी गेल्या.

घरात शिरल्या शिरल्या मधलीने विचारलं, "बाबा, तो शतांश म्हणजे केवढा हो?"

मास्तरांची कळी खुलली. "घर हजार चौरस फूट. त्याचा एक टक्का दहा. त्या दहाचा शंभरावा भाग, म्हणजे चौरस फुटाचा दहावा." खडू घेऊन, तिच्या खांद्याचा आधार घेत ते कसेबसे खाली बसले. फरशीवर त्यांनी चौकोन आखला. चार बोटं लांब, चार बोटं रुंद. "हा घे. बहिणींपेक्षा तुझं एवढं जास्त."

मधलीने त्यावर अनवाणी पाऊल ठेवलं. टाच बाहेर राहिली, बोटंही बाहेर.

"यात एक पाऊलसुद्धा मावत नाही हो, बाबा."

मास्तर त्या भेगाळलेल्या टाचेकडे बघत राहिले. मग त्यांनी खडू पुन्हा टेकवला आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत, पावलाच्या कडेकडेने फिरवत नेला.

"अहो बाबा, बेरीज शंभराच्या वर जाईल ना!"

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. "दुसरा पाय ठेव."