घरच्या माणसाचा जबाब

"कोणाचा इस्वास बसणार नाही, डॉक्टरसाहेब!" फैजपूरच्या शालिग्रामनानांनी मांडीवर थाप मारली.

मुलगा म्हणून वाढलेल्या त्यांच्या नातीला, मोनालीला, लिंगबदलाच्या ऑपरेशनसाठी दाखला हवा होता. धुळ्याच्या मानसोपचार डॉक्टरांना त्याआधी घरच्या माणसाकडून ऐकायचं होतं, की हिला लहानपणापासून आपण मुलगीच आहोत असं वाटायचं, नि घरानं ते मानलं.

"पाच वर्षांची होती. यात्रेत बांगड्यांसाठी लोळली. मी कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, नि नात झाली म्हणून गावात हत्तीवरून साखर वाटली!"

डॉक्टर हसत लिहू लागले. आता नुसतं गप्प राहिलं की दाखला हातात, हे मोनालीला कळत होतं.

"खोटं, नाना. चुडा आईनं भरला होता. तुम्ही तो माझ्या हातातच फोडला. खुणा दाखवू साहेबांना?"