जड गिरणी

"ही नको. हिच्यात पीठच होतं," म्हणत ऋषीने ती छोटी गिरणी परत फळीवर ठेवली.

स्वानंदी बघतच राहिली. दुकानातली सगळ्यात हलकी तीच तर होती!

अमेरिकेत, ट्रॉयला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि कुठलीही वस्तू घेताना ऋषीचा प्रश्न एकच असे: "उद्या व्हिसा गेला तर बॅगेत मावेल का?" त्यामुळे घरातलं टेबल घडीचं, पलंग हवेचा. घरसुद्धा त्याने घेतलं ते चटकन विकलं जाईल असं. मागच्या अंगणात सफरचंद लावायची स्वानंदीला भारी हौस. पण "फळं धरतील तेव्हा खायला आपण असू का इथे? ग्रीन कार्ड येऊ दे, मग लाव," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मागच्या दिवाळीत ती वैतागून म्हणाली होती, "कंटाळले मी या अधांतरी राहण्याला. काय ते एकदाचं होऊ दे."

आणि आज हाच पठ्ठ्या सकाळपासून शीळ घालत होता. आतापर्यंत बार्लीच्या तयार पाकाचे डबे आणून घरी बिअर करायचा. आता म्हणे अख्ख्या बार्लीपासून सुरुवात करायची.

"दळायचं नाही, भरडायचं," दाढीवाल्या दुकानदाराने बजावलं. "आतला दाणा फुटला पाहिजे, पण टरफल शाबूत राहिलं पाहिजे. रस गाळला जातो तो त्या टरफलांतूनच."

"म्हणजे पात्यांची नको, रोलरची हवी," ऋषी म्हणाला आणि कोपऱ्यातल्या गिरणीपाशी जाऊन थांबला. दोन पोलादी रोलर, खाली बिडाचं भक्कम स्टँड. त्याने उचलून पाहिली आणि "आई गं!" करत खाली ठेवली.

"हीच घेऊ या!"

"अरे, बॅगेत..."

"मरू दे यार ती बॅग!"

स्वानंदीने कान टवकारले. ऋषीच्या तोंडी हे वाक्य? आठवडाभर त्याचे दार लावून फोन चालले होते. वकिलाचेच असणार. आलं! ग्रीन कार्ड आलं! तिला तिथेच उडी मारावीशी वाटली. पण लबाडाने मनात काहीतरी ठरवलेलं दिसतंय, मग त्याची मजा कशाला घालवा, म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"मोटर बसवून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नको, हातानेच फिरवतो. पण दाणा बारीक असला तर?"

"रोलरमधली फट कमी-जास्त करता येते."

"मग झालं! पॅकिंग मात्र दणकट करा."

तो काउंटरपाशी रमला तशी स्वानंदी हळूच सटकली. शेजारीच नर्सरी होती. सफरचंदाचं एकटं झाड फळत नाही म्हणून तिने दोन रोपं घेतली, चांगली खांद्याएवढी. कुठे लावायची ते तिला पाठ होतं; एक स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, दुसरं कुंपणाशी. परत येताना तिला हसू आवरत नव्हतं.

ऋषी ट्रॉली ढकलत गाडीपाशी आला आणि रोपं बघून जागीच थांबला.

"हे काय?"

"उद्याच लावायचीत. मला कळलंय सगळं."

"कळलं? गुरुनाथ फुटला ना? त्याच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही! मी तुला संध्याकाळी सांगणार होतो गं."

"तुझा मित्र कशाला सांगेल? तुझ्या या गिरणीनेच सांगितलं."

तो खदखदून हसला. भर पार्किंगमध्ये त्याने तिला मिठी मारली. तिचे डोळे भरून आले. किती वर्षं वाट पाहिली होती तिने या दिवसाची!

"आणि मी वेडा घाबरलो होतो, तुला आवडेल की नाही म्हणून," तो म्हणाला. "रोपं तेवढी परत कर हं, ती नेऊ देत नाहीत. बाकी सगळं पुण्याला न्यायला कंपनी अख्खा कंटेनर देतेय!"