दाराआडची चाळीस मिनिटं

पिठाने टोपावरचं फडकं वर उचललं, तशी थोरली जाऊ खुर्चीतून उठलीच.

"फुगलं! धाकटे, फुगलं बघ! घे लाटणं. हळू गं, लाटायचंय, कुटायचं नाही!"

धाकटी जाऊ दुपारपासून राबत होती. मळून मळून तिचे खांदे भरून आले होते, मैदा कोपरापर्यंत चढला होता. थोरली नुसती हुकूम सोडत होती, कारण तीन दिवसांपूर्वी ती जिन्यात घसरली आणि उजवा हात प्लास्टरात गेला. आणि पाच वाजता नाक्यावरच्या चहाच्या दुकानाचा मालक घरी यायचा होता. थोरलीचे डोनट त्याने कुणाकडे तरी खाल्ले होते. एकदा गरमागरम चाखून बघतो, म्हणाला होता, जमले तर दर रविवारी माझ्या काचेच्या कपाटातला वरचा खण तुमचा. वरचा खण! थोरली तीन रात्री झोपेत तो खण पुसत होती.

आता हात नव्हता, पण तोंड शाबूत होतं. घरात दुसरे हात होते ते धाकटीचेच. आणि धाकटीचे डोनट म्हणजे वीस वर्षांची घरातली थट्टा. दाराला अडसर म्हणून लावा, वाऱ्याने हलायचं नाही, असं थोरलीच चारचौघांत सांगायची. धाकटीने कधी कृती विचारली, की उत्तर ठरलेलं. "मळणं कमी पडतं तुझं. हात मोडेपर्यंत मळायचं." आणि स्वतःचे डोनट कापून झाले, की थोरली स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. चाळीस मिनिटं. आत ही बया काय घालते, यावर पोरांच्या पैजा लागायच्या.

धाकटीने पेल्याने चकत्या कापल्या, औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मधली भोकं पाडली. वीस झाल्या.

"आता काय, जाऊबाई?"

"आता काय म्हणजे? कापलं की लगेच तेलात."

पहिले दोन तेलात गेले ते तळाशीच बसले. बऱ्याच वेळाने वर आले, ते काळपट आणि चपटे. धाकटीने एक झाऱ्याने काढून ताटलीत टाकला. तो टण्णकन वाजला.

"माझा हातच तसला," धाकटी म्हणाली. "म्हणत होते ना, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. नाक कापलं मी तुमचं."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोष धाकटीच्या हाताचा कुठला? वीस वर्षं जगाला जी अर्धवट कृती सांगितली, तीच आज तोंडाने आपसूक सांगून टाकली होती! घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. फळीवर अठरा चकत्या अजून कच्च्या होत्या. वाचल्या असत्या. पण धाकटीसमोर कबूल करायचं म्हणजे... थोरलीने एकदा त्या काळ्या डोनटकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

"गॅस बंद कर," ती म्हणाली. "आणि दार लाव."

धाकटी दाराबाहेर निघाली.

"बाहेर कुठे चाललीस? आतून लाव!"

धाकटीने कडी घातली. जवळ येऊन कुजबुजली, "काय घालता हो?"

"काही नाही."

"जाऊबाई, आता तरी..."

"काही नाही घालत म्हणते ना! फडकं झाकायचं आणि गप बसायचं. कापल्यावर पुन्हा फुगतात ते. मी त्या स्टुलावर पाय टाकते आणि चहा पिते. झालं समाधान?"

धाकटीने स्टुलाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"म्हणजे वीस वर्षं मी नुसतीच मळत होते?"

"चांगलं मळतेस," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं."

धाकटीने अठराच्या अठरा चकत्यांवर फडकं अंथरलं. खुर्ची ओढली, बसली आणि दोन्ही पाय स्टुलावर टाकले.

"मग टाका चहा. डावा हात धड आहे ना?"

थोरलीने मुकाट्याने आधण ठेवलं.

पावणेपाचला फडकं काढलं, तर चकत्यांना गाल आले होते. धाकटीने श्वास रोखून एक तेलात सोडली. ती बुडालीच नाही. तरंगली, फुगली, कमरेला पांढरा पट्टा बांधून गरकन फिरली.

"जाऊबाई, तरंगला! अहो, तरंगला!"

"ओरडू नकोस, उलट त्याला! दुसरा सोड! अगं, साखर कुठंय?"

दोघी एकमेकींच्या पायांवर पाय देत होत्या, तेवढ्यात बेल वाजली.

चहाच्या दुकानाच्या मालकाने पहिला डोनट उभ्यानेच संपवला. दुसऱ्याला तो बसला. तिसऱ्याला त्याची मिशी साखरेने पांढरी झाली.

"वरचा खण," तो म्हणाला. "रविवारपासून. पण एक सांगा, इतके हलके होतात कसे?"

विचारलं त्याने धाकटीला, कारण पीठ तिच्या हातांना होतं. थोरलीचा जीव टांगणीला लागला. धाकटीने तिच्याकडे एकदा निवांत पाहिलं.

"मळणं," धाकटी म्हणाली. "हात मोडेपर्यंत मळायचं."

मालकाने थोरलीच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि मोठ्या आदराने मान डोलावली.