दोरीच्या आत

जुन्या मासेमारी बोटीवर उभ्या म्हाताऱ्याने प्लास्टिकचा कॉड मासा तोंडाशी नेला आणि त्याचा मुका घेतला. धक्क्यावरच्या पर्यटकांनी टाळ्या पिटल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "परत, परत!" म्हाताऱ्याने परत घेतला. या वेळी आवाज काढून.

 टोरगेरने हातातलं वॅफल बायकोच्या हातात कोंबलं.

"शी! खऱ्या कोळ्याने कधी माशाचा मुका घेतलाय?"

"पोरांना आवडतंय ना," विग्दिस म्हणाली. "आणि हळू बोल."

हळू कशाला? बोट त्याच्या वडिलांची होती. चाळीस हिवाळे तिने नॉर्वेतल्या लोफोटेनच्या समुद्रात कॉड धरला होता. इथल्या रीतीप्रमाणे तिला घरातल्या बाईचं नाव होतं, 'रागना'. टोरगेरची आई. आई गेली आणि वडील बोटीवरच झोपू लागले. तेव्हा टोरगेरने बूडो शहरातून येऊन दोन दिवसांत सगळं नीट मार्गी लावलं. बोट गावच्या सागरी संग्रहालयाला देऊन टाकली. सही करताना वडिलांनी एकच विचारलं होतं, "मला चढता येईल ना तिच्यावर?"

"केव्हाही, बाबा. आता ती सगळ्या गावाची."

आज तो पहिल्यांदाच बायको-मुलीला घेऊन ती बघायला आला होता. मेलेल्या माणसाला पावडर फासावी तशी बोट रंगवलेली होती. डिझेलचा वास जाऊन लिंबाचा आला होता. चारी बाजूंनी पांढरी जाड दोरी आणि पाटी: 'पाहुण्यांनी दोरी ओलांडू नये.' आत हा नग. पिवळा रेनकोट, तोंडभर चिकटवलेली दाढी, दातांत रिकामा पाइप. वर शीळही घालत होता. बोटीवर शीळ घातली, आता वादळ ओढवेल, म्हणून वडिलांनी एका खलाशाला पुढच्याच बंदरात उतरवून दिलं होतं. हा घालत होता, आणि लोक फोटो काढत होते. या सगळ्या चाळ्यांत त्याने एक हात तेवढा केबिनच्या भिंतीवरून काढला नव्हता. तोल जात असावा. प्यायलेला असणार.

"बाबांनी हे पाहिलं तर जीव जाईल त्यांचा," टोरगेर म्हणाला. "दुपारी त्यांच्याकडे कॉफीला गेलो की बोटीचा विषय काढायचा नाही. सिन्ने, ऐकलंस ना?"

सात वर्षांची सिन्ने ऐकत नव्हती. ती म्हाताऱ्याचा भिंतीवरचा हात बघत होती.

"बाबा, त्यांचा पण अंगठा आबांसारखाच अर्धा आहे."

टोरगेरने पाहिलं. डावा अंगठा. बोटीवरच्या दोर ओढायच्या रहाटात गेलेला. मग त्याने दाढीच्या वरचे डोळे पाहिले. डोळ्यांनीही त्याला पाहिलं, आणि मासा तोंडाशी जाता जाता थांबला.

दिवसाला तीन शब्द बोलणारा माणूस. एडविन, त्याचा बाप.

टोरगेर गर्दीतून वाट काढत दोरीशी गेला. कान तापले होते.

"बाबा, काय हा तमाशा! या वयात नाचे झालात? आईला काय वाटलं असतं? उतरा. आत्ताच्या आत्ता उतरा खाली."

एडविनने मासा बाजूला ठेवला. बाहीने ओठ पुसले. दाढीचा एक कोपरा सुटून लोंबत होता, तो त्याने दाबून बसवला. दुसरा हात होता तिथेच राहिला. त्याच्या तळव्याखाली, ताज्या रंगात, आईचं नाव होतं.

"दोनदा तिकीट काढून आलो होतो रे," तो म्हणाला. "दोरीच्या आत फक्त नोकरांनाच सोडतात."