पुढचं बटण

आवाज पुन्हा गेला.

"आता काय दिसतंय?" पंढरीनं विचारलं.

"एक चौकट आलीय. इंग्लिशमधी लिवलंय काहीतरी," रूपा म्हणाली.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या घरात दोघं भाऊ-बहीण सकाळपासून कम्प्युटरपुढं बसले होते. पंढरीची नजर पूर्ण गेली त्याला तीन वर्षं झाली होती. मानकोलीच्या गोडाऊनमधली सुपरवायझरची नोकरी त्याच्या आधीच सुटली होती. कम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता, पण तो चाचणीपुरता. दर चाळीस मिनिटांनी मुका व्हायचा. कंटाळून पंढरीनं कीबोर्डला हात लावणंच सोडलं होतं.

मग लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमची सीडी रूपानं मागवली. ती फुकट मिळते आणि आपणहून बोलते, हे तिनं भिवंडीच्या सायबर कॅफेत ऐकलं होतं. सीडी लावली की ती बोलायचीही. पण इन्स्टॉल सुरू केलं की आवाज बंद. पहिल्या खेपेला पंढरीनं अंदाजानं बटणं दाबली आणि सगळं अडकलं. दुसऱ्या खेपेला अर्ध्यावर लोडशेडिंग झालं. आता जुनी सिस्टीमही उरली नव्हती आणि नवी आली नव्हती.

"ऱ्हाऊ दे रूपा. मला कोण नोकरी देनार हाय?"

"आपन करायचं. वाचते मी."

ती एकेक अक्षर वाचू लागली. ई. आर. ए. मधेच थांबायची, मागं जायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पंढरी वैतागला.

"दहावी झालीस ना? असं काय वाचतेस?"

तिचा श्वास पडद्यावर आपटताना त्याला ऐकू येत होता, इतकी ती पुढं वाकली होती.

"हार्ड डिस्क पुसू का म्हनून विचारतंय ते. हो म्हन. आता खाली कोपऱ्यात पुढं जायचं बटण असंल."

"न्हाय दिसत."

"असनारच! उजवीकडं, खाली बघ."

बराच वेळ गेला. मग माऊसची टिकटिक झाली. "सापडलं," ती हळूच म्हणाली.

नाव, पासवर्ड त्यानं स्वतः टाकले. पुढचा पाऊण तास पंख्याच्या आवाजाकडं कान लावून तो बसून राहिला. पंखा फिरतोय म्हणजे वीज आहे. शेवटी रूपानं सीडी काढली. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. त्यानं पासवर्ड टाकला आणि स्पीकरमधून एक घोगरा, परका आवाज आला, "वेलकम."

पंढरीनं एक कळ दाबली, आवाजानं तिचं नाव सांगितलं. दुसरी दाबली. तो लहान पोरासारखा हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"चल, तुझी सुटका झाली," तो म्हणाला. "आता माझ्यापाशी बसून वाचायला नको."

रूपा उठली नाही. तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली.

"दादा, आईला इतक्यात सांगू नको. न बघता कळा कशा ओळखायच्या, ते मला शिकव. तुझं दिसनं जसं कडेकडेनं जायला लागलं होतं ना, माझं तसंच चाललंय."